लंगर बदलला

१

दर्ग्यासमोरच्या मैदानात तीन देगा उलट्या पडल्या होत्या. आतली खिचडी मातीत सांडली होती, तिच्यावर चपलांचे ठसे उमटले होते. मंडप फाटून एका बांबूला लोंबत होता. चुलींवर कुणीतरी पाण्याच्या घागरीच्या घागरी ओतल्या असाव्यात, राखेचा नुसता चिखल झाला होता. त्या चिखलात स्टीलची ताटं विखुरली होती. फौजदार दीपा मुनेश्वर यांनी एक ताट उचललं, अंगठ्यानं पुसलं. काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं : पंचशील महिला मंडळ, सावरखेडी.

दीपा सकाळी पुसदच्या कोर्टात तारखेला गेली होती. ती परत येईपर्यंत तीन तासांत गावानं हे करून ठेवलं होतं.

"काय झालं ते सांग," ती हवालदाराला म्हणाली. "एकाखाली एक."

हवालदारानं सांगितलं. सकाळी सात वाजता म्हातारा नावाडी उकंडा तलावाच्या काठावर पडलेला सापडला. बायको कांताबाई चहा घेऊन गेली होती, तिला दिसला. उलट्या करत होता. बोटिंगचा मॅनेजर नानाजी यानं त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हातारा 'लंगर, लंगर' असं काहीतरी पुटपुटला. साडेनऊला गेला. दहाच्या आत गावभर झालं की दर्ग्याच्या उरुसातला लंगर खाऊन उकंडा मेला, जेवणात विष होतं. साडेदहाला जमाव आला. लंगरचा आचारी रहमत याला चुलीपासून ओढून काढलं आणि पडेपर्यंत मारलं.

"मग?"

"मंग आमी पोचलो, मॅडम. अटक केली."

"कोणाले?"

हवालदार जमिनीकडे बघत म्हणाला, "रहमतले."

"काल सहाशे माणूस जेवलं इथं. त्यातलं दुसरं कोण मेलं?"

तिनं ताट नीट मातीत टेकवून ठेवलं, कारण फेकलं असतं तर ते फार लांब गेलं असतं.

ठाण्यात ठाणेदार चव्हाण पंख्याखाली बसले होते. "पाच वाजता रामराव मोर्चा घेऊन येतो आहे," ते म्हणाले. रामराव म्हणजे तलावावरच्या बोटिंगचा ठेकेदार, गावातलं मोठं प्रस्थ. "तोवर रहमतचा जबाब घ्या. हो म्हणाला तर सगळं निभेल."

"आणि नाही म्हणाला तर?"

"त्याला हो म्हणायला लावणं तुमचं काम आहे, मुनेश्वर."

घड्याळात पावणेएक झाला होता.

२

कांताबाईच्या ओट्यावर बायकांची दाटी होती. दीपानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्यासमोर मांडी घातली. म्हातारी रडत नव्हती. तिचे डोळे कोरडे होते, ते बघवत नव्हतं.

"मावशी, ते काय बोलले? जसं बोलले तसंच सांगा. एक शब्द इकडचा तिकडं नको."

"दोनच शब्द बोलले, बाई. 'लंगर बदलला.' मले पाह्यलं अन् म्हणे, कांता, लंगर बदलला. मंग जीपमंदी बी तेच."

"लंगरात काही कालवलं, असं नाही म्हणाले?"

"नाई. ते लोकं म्हंतेत."

"काल ते लंगरात जेवाले गेलते का?"

कांताबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न कुणी विचारील अशी आशाच तिनं सोडली होती. "काल आमी यवतमाळले गेलतो. तुरुंगात. फकिराले भेटाले. सकाळच्या एस्टीनं गेलो, दिवे लागले तवा आलो. मंग घरची भाकर खाल्ली. लंगर कोठून खातील ते?"

"मग हे सांगितलं काहून नाही कोणाले?"

"कोणी इचारलं?"

नवरा गमावलेल्या बाईला अख्ख्या गावात एका माणसानं हा साधा प्रश्न विचारला नव्हता. ज्यांना उत्तर आधीच पाठ होतं त्यांनी कशाला विचारावं?

फकिरा हा या दोघांचा एकुलता मुलगा, तिशीचा, रामरावच्या बोटीवर नावाडी. जानेवारीत वारा सुटला, इंजिन बंद पडलं आणि त्याची बोट वाहत जाऊन सांडव्याच्या भिंतीवर आदळली. कॉलेजच्या दोन मुली बुडाल्या. फकिरा सांगत राहिला की मी बोट थांबवायचा सगळा प्रयत्न केला. कागदावर आलं की तो दारूच्या नशेत होता. सोमवारी यवतमाळहून चौकशी समिती येणार होती आणि उकंडा तिच्यासमोर बोलणार होता.

"रोज सकाळी जायचे तलावावर," कांताबाई म्हणाली. "डोंगा घेऊन, दोरीले गळ बांधून पाण्यात फिरवत राहायचे. दोन महिने झाले. काय शोधता म्हणलं तर म्हणे, सापडलं की सांगतो."

"आणखी काही दिसलं का तुम्हाले? अंगावर?"

"कानामागं टेंगूळ होतं. अंड्याएवढं. डागदरले दाखवलं तर ते म्हणे, पडला असन."

हवालदारानं काठावर मोबाइलवर काढलेला फोटो दीपानं पुन्हा उघडला. उकंडा पडला होता त्या दगडापाशी चंदेरी कागदाचा एक द्रोण होता. त्यात भात आणि वर पिवळं वरण. ठाणेदारांचा सगळा भरवसा या द्रोणावर होता.

३

रहमतचा एक डोळा सुजून बंद झाला होता. कोठडीच्या भिंतीला टेकून तो बसला होता. दीपानं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"लिवून घ्या," तो म्हणाला. "जे लिवायचं ते. मले सही येते."

"मले लिवायचं नाही. मले विचारायचं आहे. काल लंगर कशात वाढला?"

"ताटात."

"द्रोण नव्हते?"

"औंदा एकबी द्रोण नाई. मागच्या वर्षी सगळा कचरा तलावात गेलता, मासे मेले, भोई लोकं नाराज झाले. म्हणून विहारातल्या बायांनी आपली ताटं देल्ली. सहाशे ताटं धुऊन धुऊन वाढली आमी." पहिल्यांदा त्यानं मान वर केली. "त्या ताटांचं काय झालं?"

डोळा फुटायची वेळ आली होती आणि हा माणूस उसन्या ताटांची काळजी करत होता. दीपाला राग गिळता येईना.

"काल होतं काय जेवणात?"

"खिचडी. दोन्ही दिवस खिचडी. वरण-भात आमी केलाच नाई."

ती उठली. फोटोतला द्रोण दर्ग्यातला नव्हता, त्यातला भातही नव्हता. म्हणजे उकंडा मरणार हे ठाऊक असलेल्या, निदान तशी आशा असलेल्या कुणीतरी तो मुद्दाम आणून तिथं ठेवला होता.

पण मग म्हातारा मरताना लंगरचं नाव कशाला घेत होता?

४

रहमतची आई जोहराबी उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. दार तिनं उघडलं, पण आत या म्हणाली नाही.

"कशाला आलात, मुनेश्वर मॅडम? घराची झडती? घ्या. मसाल्याचे डबे वरच्या फळीवर आहेत."

"खाला, मला एक शब्द विचारायचा आहे."

"शब्द?" जोहराबीचा चेहरा ताठ झाला. "आज माझ्या पोराला एका शब्दापायी मारलं. शंभर माणसं आली. त्यातली निम्मी माझ्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून वाढली. एकालाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"लंगर म्हणजे दर्ग्यावरचं जेवण."

"ते नंतरचं." तिनं दाराची कडी हातातून सोडली नाही, पण तिच्यातली शिक्षिका तिला गप्प बसू देईना. "शब्द फारसी आहे. लंगर म्हणजे जहाजाचा लंगर. दोरीला, साखळीला बांधून पाण्यात सोडतात ते जड लोखंड. त्यानं जहाज जागेवर थांबतं. मग जिथं फकीर थांबला, ज्याच्या दाराशी वाटसरू थांबला, जिथं रोज चूल पेटली, त्या जागेलाही लंगर म्हणायला लागले, आणि मग तिथल्या जेवणाला. एकातून दुसरं कसं झालं यावर जाणकार भांडतात, भांडू देत. हत्तीच्या पायातल्या साखळदंडाला लंगर म्हणतात. जुन्या घड्याळाच्या लंबकाला माझे वडील लंगरच म्हणायचे. जे जड आहे आणि धरून ठेवतं, ते लंगर."

"इथं समुद्र कुठं आहे, खाला? इथं कोण म्हणणार बोटीच्या लोखंडाला लंगर?"

"भोयांना विचारा. डोंगा थांबवायला दगड टाकतात ना, त्याला ते काय म्हणतात? पुस्तकात नांगर लिहितात. पण ज्याच्या घरी शेतातला नांगर आहे तो पाण्यातल्याला नांगर कसा म्हणेल? गोंधळ होईल. म्हणून पाण्यातला तो लंगर, शेतातला तो नांगर. उकंडानं जन्मभर हाच शब्द वापरला असेल."

दीपा उंबऱ्यापाशी उभी राहिली. लंगर बदलला. म्हातारा जेवणाबद्दल बोलतच नव्हता.

"खाला, हे सध्या कोणालाही सांगू नका."

"मला कोण विचारायला येतंय," जोहराबी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

५

बोटिंग पॉइंटवर नानाजी खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीचा, हळू बोलणारा, कुणाच्याही मदतीला धावणारा माणूस अशी त्याची गावात ओळख. दीपाला बघून तो लगबगीनं उठला. बाजूच्या कॅन्टीनमध्ये बाकावर द्रोणांची चळत ठेवली होती. चंदेरी कागदाचे. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : वरण-भात, भजी, चहा. दीपानं तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"जानेवारीतली ती बोट दाखवता का?"

बोट काठाला ओढून ठेवली होती. पुढच्या टोकाशी एक लोखंडी लंगर होता, चार वाकड्या पंजांचा, काळा रंग दिलेला. निळ्या नायलॉनच्या दोराची गुंडाळी त्याला बांधलेली. दोरात एक पिवळा पदर होता.

"हा पहिल्यापासून हाच?"

"हाव. पह्यल्यापासून हाच. फकिरानं टाकलाच नाई त्या दिवशी, नाईतर पोरी वाचल्या असत्या. बोट काढली तवा गुंडाळी कोरडी होती पाहा. तसं पंचनाम्यात बी आहे."

दीपा बोटीत चढली. लंगर दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला. खालच्या फळीवर पंजांची एकही खूण नव्हती. होतं ते गंजाचं एक वर्तुळ, चांगलं वीतभर रुंद, लाकडात मुरलेलं. एखादा डबा वर्षानुवर्षं ओला ठेवला की उमटतं तसं. तिनं त्यावर बोट फिरवलं आणि लंगर परत जागेवर ठेवला.

खाली उतरून तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "नानाजी, जीपमध्ये उकंडा काय बोलला? तुम्हीच होता ना जवळ?"

"लंगर, लंगर करे बिचारा."

"तुम्हाले काय वाटलं, काय म्हणायचं असन त्याले?"

"दर्ग्याचं जेवण, दुसरं काय? आता बोटीच्या लोखंडाले तर आपण नांगर म्हंतो. सरकारी कागदात बी नांगरच आहे."

तळ्यावरून वारा येत होता, कॅन्टीनचा पडदा फडफडत होता.

"नानाजी," ती म्हणाली, "बोटीच्या लोखंडाचं मी काही विचारलंच नव्हतं."

६

भोई सोसायटीचे दोन पाणबुडे चार वाजता पाण्यात उतरले. उकंडा पडला होता तिथून वीस हातांवर, तिसऱ्या बुडीला, त्यांनी रंगाचा एक जुना, गंजलेला डबा वर आणला. सिमेंटनं गच्च भरलेला, वर लोखंडी कडी. कडीला दोराचं टोक. निळा दोर, एक पिवळा पदर, तिरपा कापलेला. तळाला जुना गंज आणि घासलेल्या चिखलाचे ओरखडे. दीपानं तो बोटीतल्या वर्तुळावर ठेवला. तंतोतंत बसला.

मग ती नानाजीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण पाणबुडेही मागे सरले.

"या बोटीवर कधी खरा लंगर नव्हताच. हा डबा होता. याला पंजे नाहीत. चिखलात रुतत नाही, नुसता घसरतो. जानेवारीत फकिरानं हा टाकला. त्यानं धरला नाही आणि बोट सांडव्यावर गेली. तुम्ही बोट ओढून आणली, पंचनाम्याच्या आधी याचा दोर कापला, डबा खोल पाण्यात सोडला आणि हा लोखंडी आणून ठेवला, कोरडा. मग म्हणालात, बघा, टाकलाच नाही. उकंडानं ते पाहिलं आणि ओळखलं. लंगर बदलला. पण म्हाताऱ्या भोयाच्या शब्दाला कोण विचारतो? म्हणून तो दोन महिने गळ फिरवत राहिला. आज सकाळी डबा वर आला. बरोबर?"

नानाजीनं डब्यावरून नजर काढली आणि कॅन्टीनकडे पाहिलं.

"तुम्ही इथंच होता. तुमच्या कॅन्टीनचा द्रोण, तुमचाच कालचा उरलेला वरण-भात. दर्ग्यात काल ना द्रोण होते, ना वरण-भात. आणि उकंडा काल यवतमाळला होता." खिशातला फोन वाजला. तिनं ऐकलं, दोनदा 'हो' म्हणाली आणि ठेवला. "शवविच्छेदनाचं आहे. पोटात घासभरही अन्न नव्हतं. कवटीत रक्त साचलं होतं. उलट्या त्यानं झाल्या. विषाचं नाव कुणी काढलं पहिल्यांदा, नानाजी?"

"मी ढकललं फक्त," नानाजी म्हणाला. तो मटकन वाळूतच बसला. "त्यानं डबा धरून ठेवला होता, सोडे ना. मी ढकललं, तो त्याच लंगरावर पडला, डोकं आपटलं. मले वाटलं, मेला. मी रामराव साहेबाले फोन केला. साहेब म्हणे, डबा पाण्यात टाक, दर्ग्यात कालपासून जेवण चालू आहे, काहीतरी खायचं ठेव बाजूले. तेवढ्यात कांताबाई आली. जिता होता, मंग जीपमंदी घालणं भाग पडलं. अन् तो सारखा लंगर, लंगर करे. मी साहेबाले सांगतलं, तो असं असं बोलून राह्यला. साहेब हासले. म्हणे, मंग तर कामच झालं. आता सगळ्यायले सांग."

दीपानं डोळे मिटले. देगांमधली ती तुडवलेली खिचडी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. एका बोटीच्या लंगराला पैसे लागले असते म्हणून दोन मुली गेल्या, एक म्हातारा गेला, एक पोरगा तुरुंगात बसला, आणि हे सगळं झाकायला या माणसांना गावानं शंभर हात आयते दिले. कुणी जबरदस्ती केली नव्हती त्या हातांवर.

"उठा," ती म्हणाली. "बेड्या घालायच्या आहेत."

७

पाच वाजता मोर्चा आला. रामराव पुढे होता, हातात निवेदन. ठाण्याच्या टेबलावर सिमेंटचा डबा ठेवला होता आणि बाकावर नानाजी खाली मान घालून बसला होता. रामरावनं आधी डब्याकडे पाहिलं, मग नानाजीकडे. निवेदन त्याच्या हातातच राहिलं. मागची माणसं एकेक करून पांगायला लागली, कुणाला दूध काढायचं आठवलं, कुणाला गिरणी.

साडेसहापर्यंत रामराव कोठडीत होता. रहमत व्हरांड्यात उभा होता, जोहराबी त्याच्या सुजलेल्या डोळ्यावर ओला रुमाल धरून. दोघांपैकी कुणीही दीपाला धन्यवाद दिले नाहीत. तिलाही ते नको होते.

ठाणेदार चव्हाणांनी तिला आत बोलावलं. "उत्तम तपास. आता मैदानावरचं तेवढं आटपा. अज्ञात जमाव, असं लिहा. गाव शांत राहिलं पाहिजे."

"सर, भर दिवसा, साडेदहा वाजता. शंभर माणसं. अज्ञात?"

"कोण नावं सांगणार आहे, मुनेश्वर? रहमत? त्याला इथंच राहायचंय. त्याची आई? एक साक्षीदार आणून दाखवा."

दीपा बाहेर आली. टेबलाशी बसली, कोरा कागद ओढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिला ठाऊक होतं की ठाणेदार खोटं बोलत नव्हते. नावं कुणीच सांगणार नव्हतं.

दारात कांताबाई उभी होती. कपाळ पुसलेलं, पदर घट्ट लपेटलेला. एवढ्या लांबून ती चालत आली होती.

"मावशी, तुम्ही कशाला आलात? घरी माणसं आहेत."

"घरी बसवेना." ती आत येऊन बाकावर बसली. "दवाखान्यातून मले रिक्षात बसवलं त्यायनं. मले वाटलं, घरी नेऊन राह्यले. नेलं दर्ग्यात. मले पुढं उभी केली. म्हणे, पाहा, हे इधवा. मंग देगा उलथल्या. रहमतले मारलं. तो माह्याकडं पाहून राह्यला होता अन् मी गप उभी होती. एक शब्द बोलली नाई मी."

व्हरांड्यात जोहराबीचा हात रुमालासकट थांबला.

"मी सगळे पाह्यले," कांताबाई म्हणाली. "जे मले माहीत हाय, ते सगळे सांगते. लिवा."

दीपानं पेन उचललं. "मावशी, सावकाश. पुन्हा विचार करा. हे लोक तुमच्या गल्लीतले आहेत."

"मले माहीत हाय कुठचे हायेत ते." म्हातारीनं पदराचं टोक मुठीत धरलं. "पह्यलं नाव माह्या भावाचं हाय. लिवा."